मेनफ्रेमवर लिनक्सचा पहिला आयपीएल (म्हणजे बूट) करण्याआधी

मेनफ्रेमवर लिनक्स इन्स्टॉल करायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो लागणारे आकडे वेगवेगळ्या टीमकडून गोळा करण्यात. हे आकडे आधी कागदावर आले नाहीत तर त्याच मशीनवर चालणाऱ्या झेड/ओएसला (मेनफ्रेमच्या नेहमीच्या ऑपरेटिंग सिस्टीमला) धक्का लागू शकतो, आणि तिथे कुणाचे तरी रोजचे व्यवहार चालू असतात.

पहिला प्रश्न प्रोसेसरचा. लिनक्सला आयएफएल (लिनक्ससाठी राखलेला प्रोसेसर) मिळणार की सर्वसाधारण सीपी (झेड/ओएसही चालवणारा प्रोसेसर), हे विचारून घ्या. २००० साली आलेल्या या आयएफएलवर झेड/ओएस चालतच नाही, म्हणून ते वाढवले तरी झेड/ओएसच्या परवान्यांचा खर्च वाढत नाही. एकाच झेड/व्हीएमखाली (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सिस्टीमखाली) लिनक्स आणि झेड/ओएस दोन्ही गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, ठेवायचे असतील, तर एलपार (मशीनचा स्वतंत्र भाग) झेड/व्हीएम मोडमध्ये मागा. त्यात सीपी आणि आयएफएल दोन्ही जोडता येतात.

मशीनची पिढीही बघा. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ला झेड१४ किंवा त्यापुढचं मशीन लागतं. शिवाय हे आर्किटेक्चर एस३९०एक्स आहे, बिग-एंडियन (आकड्यातला मोठा बाइट आधी ठेवणारं). एक्स८६ साठी बांधलेली बायनरी किंवा कंटेनर इमेज इथे चालणार नाही. मुख्य ॲप्लिकेशनची चौकशी सगळेच करतात, बॅकअप आणि मॉनिटरिंगच्या एजंटची राहून जाते.

आता डिस्क. इथे घाई अजिबात नको. ३३९० मॉडेल ९ (मेनफ्रेमच्या डिस्कचा एक ठराविक आकार) म्हणजे १०,०१७ सिलिंडर (डिस्कची जागा मोजायचं एकक), साधारण ८.५ जीबी, पण ४ केबी ब्लॉकमध्ये फॉर्मॅट केल्यावर हाती ७.४ जीबीच्या आसपास उरतात. मागणी नोंदवताना हा हिशेब धरा. मिनीडिस्क (झेड/व्हीएमने गेस्टला दिलेला डिस्कचा तुकडा) सिलिंडर १ पासून सुरू करा, कारण सिलिंडर ० वर व्हॉल्यूम लेबल असतं. दोन मिनीडिस्क एकमेकींवर चढत नाहीत ना, हे झेड/व्हीएमच्या डिरेक्टरीच्या (गेस्टच्या नोंदींच्या) नकाशावरून तपासा. थेट एलपारमध्ये लिनक्स टाकणार असाल तर जास्त सांभाळा: आयओ कॉन्फिगरेशनमध्ये त्या एलपारला दिलेली झेड/ओएसची डिस्कसुद्धा त्याला दिसते, आणि डीएएसडीएफएमटी (डिस्क फॉर्मॅट करणारी आज्ञा) चुकीच्या नंबरवर चाललं तर तिच्यावरचा डेटा गेलाच. कर्नलच्या सीआयओ_इग्नोर पॅरामीटरने नको ती उपकरणं आधीच झाका. एफसीपी (फायबर चॅनलवरून स्कझी डिस्क) वापरणार असाल तर एनपीआयव्ही (एकाच पोर्टवर प्रत्येकाला वेगळी ओळख देणारी सोय) चालू असल्याची खात्री करा आणि डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा पत्ता) व लन (डिस्कचा क्रमांक) स्टोरेज टीमकडून लेखी घ्या.

नेटवर्कसाठी थेट ओएसए कार्ड (मेनफ्रेमचं नेटवर्क कार्ड) मिळत असेल तर त्याचे तीन उपकरण क्रमांक लागतात: वाचण्याचा, लिहिण्याचा आणि डेटाचा. गेस्ट अनेक असतील तर व्हीस्विच (झेड/व्हीएममधला व्हर्च्युअल स्विच) बरा. प्रत्येक गेस्टला ग्रँट (तो वापरायची परवानगी) द्यायला विसरू नका. झेड/ओएसवरच्या डीबी२ डेटाबेसशी बोलायचं असेल तर हायपरसॉकेट्स (मशीनच्या आतलं नेटवर्क) मागा, तिथे डेटा मशीनच्या मेमरीतूनच जातो.

मेमरीबाबत दुसऱ्या सर्व्हरवरची सवय सोडावी लागते. लिनक्स रिकामी मेमरी पेज कॅशमध्ये (डिस्कवरच्या डेटाच्या मेमरीतल्या प्रतीत) भरून टाकतो आणि झेड/व्हीएमला ती सगळी पानं वापरात दिसतात. ‘असू दे थोडी जास्त’ म्हणून दिलेली मेमरी इतर गेस्टच्या तोंडचा घास असते. म्हणून गेस्ट लहान ठेवा, स्वॅपसाठी व्हीडिस्क (मेमरीतली व्हर्च्युअल डिस्क) द्या आणि कामाच्या गर्दीच्या वेळेत किंचित स्वॅप होईपर्यंत आकार कमी करत या. व्हर्च्युअल सीपीयूही गरजेपुरतेच. रिलेटिव्ह शेअर (गेस्टला मिळणारा प्रोसेसरचा सापेक्ष वाटा) गेस्टच्या सगळ्या सीपीयूंत वाटला जातो.

इन्स्टॉलच्या दिवशी कर्नल आणि इनिटआरडी (बूट होताना लागणारी तात्पुरती फाइल सिस्टीम) बायनरी मोडमध्ये, ८० च्या स्थिर रेकॉर्ड लांबीने पाठवा. पॅरामीटर फाइल मात्र टेक्स्ट म्हणून, म्हणजे ती एब्सिडिकमध्ये (मेनफ्रेमच्या अक्षर-संकेतात) बदलते. ३२७० कन्सोलवर (मेनफ्रेमच्या टर्मिनलवर) व्हीआय एडिटर चालत नाही, त्यामुळे एसएसएच लवकर सुरू करा. कर्नल किंवा इनिटआरडी बदलला की झिपल (बूट लोडर लिहिणारी आज्ञा) चालवल्याशिवाय रीबूट करू नका.

बॅकअप कोण घेणार, हेही आधीच ठरवा. झेड/ओएसच्या बाजूने चालत्या लिनक्सची डिस्क उचलली तर कॅशमधलं लिखाण तिच्यात नसतं. एकतर गेस्टला आधी शटडाउनचा सिग्नल पाठवा, नाहीतर लिनक्सच्या आतूनच बॅकअप घ्या. त्या सिग्नलसाठी किती सेकंद थांबायचं हा आकडाही कागदावर लिहा आणि गेस्ट रिकामा असतानाच एकदा तपासून पाहा.