इम्बिससमोर उभं राहण्याआधी

जर्मनीत नव्याने आलेली आपली मंडळी पहिले काही आठवडे वरणभात आणि ड्योनर, म्हणजे उभ्या सळीवर भाजलेल्या मांसाचे काप, यांवरच काढतात. ड्योनरला नावं ठेवायची नाहीत. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांमुळे तो इथे पोचला आणि १९७० च्या दशकात बर्लिनमध्ये पावात भरून, हातात धरून खायची पद्धत रुळली. आता तो इथलाच म्हणायचा. पण स्टेशनबाहेरच्या, बाजारातल्या टपऱ्यांवर, म्हणजे इम्बिसवर, याहून बरंच काही मिळतं.

आधी मांसाचं बघू, कारण घरून फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. श्वाइन म्हणजे डुक्कर, रिंट म्हणजे गोमांस, काल्प म्हणजे वासरू, हेन्शेन म्हणजे कोंबडी. ड्योनर बऱ्याचदा काल्पचा असतो, तेव्हा चालत नसेल तर आधी हेन्शेन आहे का विचारा. वुर्स्ट, म्हणजे सॉसेज, म्हटलं की श्वाइन धरून चाला. शाकाहारी असाल तर 'ओने फ्लाइश', म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगून भागत नाही. बटाट्याच्या सॅलडमधले श्पेकचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे काही जण मांसात मोजतच नाहीत. सरळ 'वेगेटारिश' म्हणा आणि वर 'श्पेक नको' हेही सांगा. बव्हेरियात काही बेकऱ्या ब्रेत्सेलच्या, म्हणजे गाठीच्या आकाराच्या खाऱ्या पावाच्या, पिठात श्माल्त्स, म्हणजे डुकराची चरबी घालतात. काही टपऱ्यांवर फ्राइजसुद्धा गाईच्या चरबीत तळतात. विचारायला लाजू नका, इथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

करीवुर्स्टबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. हेर्टा हॉयवर नावाच्या बाईंनी सप्टेंबर १९४९ मध्ये, युद्धाने मोडलेल्या बर्लिनमध्ये, आपल्या टपरीवर ती विकायला सुरुवात केली. एकदा जरूर खा, पण 'करी' या नावावर जाऊ नका. गोडसर टोमॅटो सॉस आणि वर करी पावडर भुरभुरलेली, बस. 'शार्फ' म्हणजे तिखट सांगितलं तरी बहुतेक ठिकाणी आपल्या जिभेला काही कळत नाही. बर्लिनमध्ये 'मिट ओडर ओने डार्म' असं विचारतील, म्हणजे सॉसेज आतड्याच्या आवरणासकट हवं की त्याशिवाय. मला विचाराल तर त्यापेक्षा कोळशावर भाजलेली थुरिंगियाची ब्राटवुर्स्ट कितीतरी सरस. पाव एवढासा आणि वुर्स्ट दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. तिच्यावर केचप नाही, मोहरीची चटणी, म्हणजे झेन्फ. न्यूर्नबर्गची मात्र बोटाएवढी, सात ते नऊ सेंटिमीटरची असते आणि एका पावात तीन भरून देतात.

पण मी ऱ्हाइनकाठी राहतो, तेव्हा पक्षपात होणारच: पहिली थाळी रायबेकूखेनची घ्या. बटाट्याचा कीस, कांदा, अंडं, थोडं पीठ. तेलात कडा करकरीत होईपर्यंत तळलेलं. थेट आपल्या बटाट्याच्या थालीपिठाचा भाऊ. (उपासाला नाही चालायचं, कांदा आणि अंडं विसरू नका.) बरोबर सफरचंदाचा गोड गर देतात, आफेलमूस. नको म्हणू नका. गरम, खारट आणि आंबटगोड यांची गट्टी तिसऱ्या घासाला जमते. अंडंही चालत नसेल, तर नाताळच्या बाजारात मोठ्या कढईत परतलेल्या मश्रूमकडे वळा. लसणाची पांढरी पातळ चटणी मात्र वेगळी मागून त्यात काय आहे ते विचारा.

कोकणातून आलेल्यांनी हॅम्बर्ग गाठावं. तिथला मासळी बाजार १७०३ पासून रविवारी पहाटे भरतो आणि सकाळीच उठतो. फिशब्र्योटशेन म्हणजे पावात मासा. मात्येस हा मिठात मुरवलेला हेरिंग असतो, शिजवलेला नसतो. आधी ते पचेल का ते मनाशी ठरवा. नाहीतर तळलेला बाकफिश मागा.

जवळ नाणी ठेवा, अनेक टपऱ्यांवर कार्ड चालत नाही. उंच टेबलाशी जागा दिसली तर 'इस्ट हीअर नोख फ्राय?', म्हणजे इथे जागा आहे का, असं विचारून उभं राहायचं, ओळख नसली तरी चालतं. प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर बहुधा २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली किंवा कॅन फेकू नका, सुपरमार्केटच्या यंत्रात टाका. नाताळच्या बाजारात कपासाठीही काही युरो जादा घेतात. कप परत केला की पैसे परत. आवडला तर घरी न्या, त्याचे पैसे तुम्ही भरलेलेच आहेत.