जुना लॅपटॉप चालूच होईना? बटण दाबायच्या आधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून आयबीएमचा थिंकपॅड टी-२३ माझ्या टेबलावर आला. २००१ सालचं मॉडेल. असला डबा अजून कोण वापरतं, असं वाटेल. पण त्यांच्या जुन्या सीएनसी मशिनला (प्रोग्रामवर आपोआप सुटे भाग घडवणारं मशिन) प्रोग्राम पाठवायला सिरियल पोर्ट, म्हणजे केबल जोडायची जुन्या प्रकारची जागा लागते. प्रोग्राम पाठवणारं सॉफ्टवेअर डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टीममधलं, थेट पोर्टशी बोलणारं. यूएसबीचा कन्व्हर्टर लावला तर त्याला तो दिसतच नाही. म्हणजे हा लॅपटॉप बंद तर मशिनही बंद.

"काल सकाळी बरा होता की हो," मालक म्हणाले. जरा खोदून विचारल्यावर खरं बाहेर आलं. मूळ चार्जर आधीच मेला होता. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपचा चार्जर आणून लावला, पिन बरोबर बसली, म्हणून बटण दाबलं.

पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही. टी-२३ ला १६ व्होल्ट लागतात आणि त्याच मापाची गोल पिन १९ व्होल्टच्या कितीतरी चार्जरना असते. जुने तोशिबा १५ वर चालतात, कॉम्पॅक १८.५ वर, डेल १९.५ वर. २००६ पासून पुढच्या काही वर्षांतले थिंकपॅड २० व्होल्टचे, पण त्यांची पिन जाड असल्यामुळं जुन्यात घुसत तरी नाही. व्होल्ट लॅपटॉपच्या पाठीवर छापलेले असतात तेवढेच हवेत. अँपिअर मात्र जास्त असले तर काही बिघडत नाही, कमी असले तर चार्जर तापतो आणि मान टाकतो. पिनच्या आत प्लस की बाहेर, हे दाखवणारी छोटी खूण लेबलवर असते, तीही जुळवा. बाजारात मिळणारा बटण सरकवून व्होल्ट बदलायचा युनिव्हर्सल चार्जर मी जुन्या मशिनला लावत नाही. ते बटण पिशवीत कधी सरकतं ते कळत नाही.

दुसरी फसगत मल्टिमीटर करतो. चार्जरच्या पिनला मीटर लावला, १६ दाखवले, म्हणजे चार्जर चांगला? नाही. आतला कपॅसिटर (चार्ज साठवणारा छोटा भाग) वाळलेला चार्जर मोकळा असताना पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि भार पडला की कोसळतो. यासाठी माझ्याकडं ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब आहे. आमच्याकडं पुणे-बेंगळुरू हायवे जवळ, त्यामुळं ट्रकच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात तो मिळतो. चार्जरला बल्ब जोडायचा आणि पेटलेला असताना व्होल्ट मोजायचे. १६ चे ११ झाले तर लॅपटॉप उघडायची गरजच नाही, दोष चार्जरचा. एवढं केलं तर निम्मी डोकेदुखी इथंच संपते, हा माझा अनुभव.

कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेला लॅपटॉप काढला की लोकांना त्याची स्क्रीन बघायची घाई होते. थोडं थांबा. आधी मोठी बॅटरी काढा. मेलेली बॅटरी आतून शॉर्ट असेल तर नुसत्या तिच्यामुळं मशिन चालू होत नाही. फुगली असेल तर ती दाबायची नाही की टोचायची नाही. मग चार्जर न लावता पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, उरलासुरला चार्ज निघून जातो. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालू झालेले लॅपटॉप मी मोजणं सोडून दिलंय. नव्वदच्या दशकातल्या मशिनमध्ये घड्याळाची छोटी बॅटरी बऱ्याचदा निकेलची असते. ती गळते आणि बोर्डवर हिरवट-पांढरी पापडी धरते. ती दिसली तर करंट द्यायचा नाही. थोड्या व्हिनेगरनं पुसून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून, तुटलेल्या रेषा तपासायच्या. उघडल्यावर कुजक्या माशासारखा वास आला तर कपॅसिटर गळालेत असं समजा.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून येणाऱ्या मशिनचं दुखणं वेगळंच. तिथला पाऊस भिंतीत मुरतो तसा रॅमच्या पट्टीवरही मुरतो. रॅम काढून खोडरबरानं पिना घासल्या, परत नीट बसवल्या, की काही मशिन उठून बसतात. दमट मशिन तांदळाच्या डब्यात कोंबून उपयोग नाही, उन्हात ठेवलं तर प्लॅस्टिक वाकतं, हेअर ड्रायरचंही तेच. बॅटरी काढून, उघडं करून, कोरड्या खोलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवा.

आणखी एक बघा. लॅपटॉप खरंच बंद आहे का? पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी असेल तर अंधारात टॉर्च तिरकी धरून स्क्रीनवर मारा. पुसट अक्षरं दिसली तर मशिन जिवंत आहे, फक्त स्क्रीनमागची उजेडाची ट्यूब किंवा तिला करंट देणारा छोटा इन्व्हर्टर गेलाय. त्या इन्व्हर्टरवर शेकडो व्होल्ट असतात, चालू असताना तिथं बोट नको. थिंकपॅडवर १६१ किंवा १६३ असा आकडा आला तर घड्याळाची बॅटरी संपली एवढंच. घाबरायचं कारण नाही.

टी-२३ कडं परत येऊ. माझ्याकडं यायच्या आधी कुणीतरी तो उघडून चार्जरची पिन घुसते त्या जॅकजवळच्या उडालेल्या फ्यूजवर तांब्याची तार टाकून सोल्डर केलं होतं. फ्यूज उगाच उडत नाही. त्याच्या पुढं शॉर्ट होता, तारेनं तो सगळा करंट आत ढकलला आणि बोर्डवर काळा डाग पडला. फ्यूज उडालेला दिसला तर आधी बॅटरी, चार्जर दोन्ही काढून पुढच्या लाइनचा ग्राउंडशी (बोर्डच्या मायनस बाजूशी) रेझिस्टन्स मोजा. जवळपास शून्य आला तर नवा फ्यूजही उडणारच, आधी शॉर्ट शोधा.

बोर्ड थिनरनं पुसू नका, प्लॅस्टिक विरघळतं. ओव्हन, हीट गनचे प्रयोग केलेत तर चार दिवस चालून परत मरतं. आणि स्क्रू! लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर थेट बोर्डात घुसतो. मी कुंद्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या मिठाईच्या, रिकाम्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर लॅपटॉपचं चित्र काढतो आणि ज्या जागचा स्क्रू त्याच जागी खोचतो.

वर्कशॉपच्या मालकांना मी सगळ्यात आधी विचारलं होतं, मशिन हवंय की त्यातले प्रोग्राम? दोन्ही हवे होते. म्हणून काही करायच्या आधी हार्ड डिस्क काढली. ४४ पिनांची असते, तिरकी ओढली तर पिना वाकतात. यूएसबीला लावून सगळं उतरवून घेतलं. बोर्ड काही वाचला नाही. भंगारातून त्याच मॉडेलचा दुसरा मिळायला तीन आठवडे लागले, आणि तोवर त्यांच्या पोरानं एकेक प्रोग्राम मशिनच्या पॅनेलवर हातानं टाइप केला.