झिंक, लोह आणि सेलेनियमच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

केस गळतात म्हणून एक गोळी, थकवा येतो म्हणून दुसरी आणि प्रतिकारशक्तीसाठी करोनाच्या दिवसांपासून चालू राहिलेली तिसरी, अशा तीन पट्ट्या एकाच डब्यात असतात आणि तिन्हींत झिंक असू शकते हे कोणी वाचून पाहिलेले नसते. अमेरिकी मानकांनुसार प्रौढांसाठी झिंकची कमाल मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम आहे. म्हणून सगळ्या पट्ट्यांवरील प्रत्यक्ष झिंकचे (झिंकच्या संयुगाचे नव्हे) आकडे एकत्र जोडून पाहावेत. महिनोन्‌महिने जास्त झिंक घेतल्यास आतड्याच्या पेशी तांबे अडवून धरतात आणि त्या झडल्या की तांबेही शरीराबाहेर जाते. (तांबे साठण्याच्या विल्सन आजारात झिंक औषध म्हणून देतात, ते याच कारणाने.) परिणामी रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात, आणि हा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा समजून रुग्ण आणखी एक पट्टी सुरू करतो.

लोहाच्या बाबतीत नागपूरकरांनी विशेष सावध असावे, कारण विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. मूल फिकट दिसले की ‘रक्त कमी आहे’ म्हणून टॉनिक आणले जाते. पण सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी होते, लोह कमी असेलच असे नाही. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकातही लोहाच्या कमतरतेसारख्याच पेशी लहान दिसतात आणि तीच गफलत होते. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात प्रत्येक पिशवीमागे सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते, आणि जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नसल्यामुळे ते यकृतात व हृदयात साठते. त्यामुळे टॉनिकच्या आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि सिकलसेलची तपासणी नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत किंवा आपल्या डॉक्टरांकडे करून घ्यावी. गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र हे वाचून बंद करू नयेत.

सेलेनियमचा विनोद असा की ते केसांसाठी घेतले जाते आणि जास्त झाले की केसच गळतात. श्वासाला लसणासारखा वास येणे आणि नखे ठिसूळ होणे ही त्याची इतर लक्षणे. २००८ साली अमेरिकेत एका द्रव पूरकात चुकून लेबलवरील प्रमाणाच्या सुमारे २०० पट सेलेनियम मिसळले गेले आणि २०१ जणांना बाधा झाली.

लोहाची गोळी चहासोबत घेतल्यास तिचे शोषण घटते; थायरॉइडच्या गोळीपासून ती चार तास दूर ठेवावी. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चालू असेल तर लोह व झिंक केव्हा घ्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

लहान मुलाने लोहाच्या गोळ्या गिळल्या असतील तर उलट्या थांबल्या म्हणून घरी थांबू नये, कारण काही तास बरे वाटून नंतर प्रकृती अचानक ढासळू शकते. गोळ्यांची पट्टी सोबत घेऊन तातडीने अपघात विभागात जावे.