"काहीही चालेल" म्हणणाऱ्यांना कसं विचारायचं

सांगलीजवळच्या एका वृद्धाश्रमाची व्यवस्था मी बघते. नवी होते तेव्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून विचारलं, "जेवणात काय बदल करू?" "काहीही चालेल, ताई!" मी खूश. रात्री ताटांत अर्ध्या चपात्या तशाच.

लेकाच्या घरी चार-पाच वर्षं गप्प बसून काढली की हे बोलणं अंगवळणी पडतं. म्हणून सभेत विचारू नका, मेथी निवडायला बसवा. हात कामात असले की तोंड मोकळं होतं. आमच्याकडे तिथेच कळलं, चपाती चावत नाही, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून हवी.

विसर पडणाऱ्या आजींना "कुठलं पातळ नेसता?" म्हटलं की त्या गोंधळतात. दोन पातळं समोर धरा, बोट एकावर जातं. नाहीच गेलं तर चेहऱ्याकडे बघा.

टीव्हीसाठी मात्र मतदान, तेही गुपचूप. हात वर करायला लावलं तर आमचे माजी हेडमास्तर आधी करतात, मागोमाग सगळे. झाकणाला भोक पाडलेला डबा ठेवा. चिंचोका टाकला की मालिका, खडा टाकला की कीर्तन. (आधी शेंगदाणे ठेवले होते, दोघांनी मतं खाल्ली.) हरलेल्यांना आठवड्यातला एक दिवस द्या. आमचा गुरुवार कीर्तनाचा.

आंघोळ पहाटे पाचला, हा नियम माझाच. मावशींची रात्रपाळी सहाला संपायची, एवढंच कारण. थंडीत आजी-आजोबा कुडकुडायचे, बोलायचं कोणी नाही. आता दिवसपाळीतल्या एका मावशींना फक्त आंघोळीचं काम दिलंय, ज्याला हवं तो आठनंतर करतो. जे जमत नाही, ते का जमत नाही हे त्याच दिवशी सांगा. नाहीतर पुढच्या खेपेला परत "काहीही चालेल".

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम सांगितलाय. चहा किती गोड हवा, हे त्या दीडशे जणांना विचारणं आपल्याकडे.

गोडावरूनच मुलांचे फोन येतात, "बाबांना साखर बंद करा." मधुमेह असलेल्या आजोबांना दिवसाला साखर किती चालेल, हे डॉक्टर सांगतात. ती सकाळच्या चहात घालायची की चारच्या, हे आजोबा ठरवतात. मुलगा अडून बसला तर मी फोन आजोबांच्या हातात देते.