जॅमला गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही पेपर देणाऱ्यांसाठी

बी.एस्सी.नंतर आयआयटीत किंवा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुढील शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा 2004 पासून घेतली जाते. तिच्या सात विषयांपैकी उमेदवाराला जास्तीत जास्त दोन निवडता येतात. मात्र दोन्ही पेपर एकाच दिवशी, बहुधा फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी, दोन सत्रांत होतात. मी दिलेल्या परीक्षेत गणित सकाळी साडेनऊ ते साडेबारा आणि भौतिकशास्त्र दुपारी अडीच ते साडेपाच असे वेळापत्रक होते. या जोडीचा विचार करणारे कनिष्ठ विद्यार्थी "अभ्यास झेपेल का?" असे विचारतात. माझ्या मते अभ्यास झेपतो. अवघड जाते ते दोन तासांच्या सुट्टीत विचार करण्याची पद्धत बदलणे, आणि तयारीही त्याचीच करावी लागते.

अर्ज भरण्यापूर्वी पात्रतेचे कोष्टक नीट वाचावे. गणिताच्या एम.एस्सी.साठी काही संस्था पदवीला गणित हा विषय किमान दोन वर्षे, म्हणजे चार सत्रे, असण्याची अट घालतात. प्रथम वर्षानंतर गणित सोडून दिलेल्या विद्यार्थ्याला पेपर देता येईल, गुणही मिळतील, पण प्रवेशाच्या वेळी हवी ती जागा हाती लागणार नाही. दोन पेपरांचे शुल्क एकापेक्षा जास्त असते, हेही लक्षात असू द्यावे. त्यानंतर आपला मुख्य पेपर कोणता, हे मनाशी पक्के करावे आणि घरातही सांगून टाकावे. माझा मुख्य पेपर भौतिकशास्त्राचा, म्हणजे दुपारचा होता. त्यामुळे सकाळी किती दमायचे, यावर आपोआप मर्यादा आली. ज्यांचा मुख्य पेपर सकाळी आहे त्यांचे काम तुलनेने सोपे, असे मला अजूनही वाटते.

दोन्ही अभ्यासक्रमांचा सामाईक भाग बराच मोठा आहे: पार्शल डेरिव्हेटिव्ह, मल्टिपल इंटिग्रल, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स. हा भाग एकदाच, पण गणिताच्या खोलीने करावा आणि लगेच भौतिकशास्त्रात वापरून पाहावा. कॉन्स्टंट कोइफिशंट असलेले दुसऱ्या ऑर्डरचे समीकरण घ्या. त्याच्या ऑक्झिलरी इक्वेशनची मुळे वास्तव आणि वेगवेगळी, समान किंवा कॉम्प्लेक्स असू शकतात. डॅम्प्ड ऑसिलेटरच्या ओव्हरडॅम्प्ड, क्रिटिकली डॅम्प्ड आणि अंडरडॅम्प्ड या तीन अवस्था म्हणजे तीच तीन प्रकरणे. एलसीआर सर्किटमध्येही तेच समीकरण फक्त अक्षरे बदलून येते. एका संध्याकाळी हे तिन्ही एकापाठोपाठ एक सोडवले, तर दोन विषयांसाठी दोनदा बसावे लागत नाही. याउलट ग्रुप थिअरी आणि सिक्वेन्स-सिरीज या गणिताच्या प्रकरणांना भौतिकशास्त्रातून, तर थर्मोडायनॅमिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्सला गणितातून फारशी मदत मिळत नाही. वेळेची खरी वाटणी करावी लागते ती या प्रकरणांसाठी, आणि तिथे मुख्य पेपरला झुकते माप द्यायला संकोच करू नये.

आता विचारपद्धतीविषयी. गणिताच्या पेपरात प्रत्येक फंक्शनकडे संशयाने पाहावे लागते. शून्याला शून्य आणि इतरत्र एक्सचा वर्ग गुणिले साइन एक भागिले एक्स असे फंक्शन घेतले, तर शून्यापाशी त्याचे डेरिव्हेटिव्ह अस्तित्वात असते, पण ते डेरिव्हेटिव्ह तिथे सलग नसते. एमएसक्यू, म्हणजे एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नांतले पर्याय अशाच फटींवर बेतलेले असतात. दुपारी मात्र लहान कोनासाठी साइन थीटा म्हणजे थीटा असे एका ओळीत मान्य करून पुढे जायचे असते. तिथे सकाळची शंकेखोर वृत्ती कायम राहिली, तर उत्तर बरोबर येते पण वेळ संपतो. म्हणूनच डिसेंबरपासून काही रविवारी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्याच वेळांना, सकाळी गणित आणि दुपारी भौतिकशास्त्र अशा क्रमाने सोडवाव्यात. टी.वाय.ची प्रॅक्टिकल्स आणि जर्नलवरच्या सह्या याच सुमारास मागे लागतात, त्यामुळे प्रत्येक रविवार मिळणार नाही. पण असे मोजके पूर्ण दिवसही सुट्या सुट्या अनेक सराव पेपरांपेक्षा अधिक शिकवतात. दुपारच्या पेपरात नेमके कितव्या मिनिटाला लक्ष उडते, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही.

गुणांचा हिशेब दोन्ही पेपरांत सारखाच असतो: साठ प्रश्न, शंभर गुण. एकच पर्याय बरोबर असलेल्या तीस प्रश्नांत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण कापले जातात. चारही पर्याय सारखेच वाटत असताना अंदाजाने खूण केली, तर सरासरीने हाती शून्य येते. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर हिशेब थोडा आपल्या बाजूने झुकतो. एमएसक्यूमध्ये आणि संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांत गुण कापले जात नाहीत, म्हणून तिथे एकही जागा रिकामी सोडू नये. एमएसक्यूला अर्धवट उत्तराचे गुण मात्र मिळत नाहीत. सर्व बरोबर पर्याय निवडावेच लागतात.

मधली सुट्टी कागदावर दोन तासांची असते. बाहेर येण्यातला वेळ आणि दुसऱ्या सत्राच्या तपासणीची रांग वजा केल्यास हातात जेमतेम तासभर उरतो. केंद्र अनेकदा गावाबाहेरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असते आणि रविवारी तिथले कँटीन बंद असते, त्यामुळे डबा बरोबर असलाच पाहिजे. मी दहीभात आणि केळी नेली होती. पुरी-भाजी खाऊन आलेले दोघे तीन वाजता पेंगताना मी पाहिले आहेत. फाटकाबाहेर सकाळच्या पेपरातील उत्तरे पडताळणारे घोळके जमतात. त्यांच्यापासून दूर बसावे, कारण तिथे कळलेली एक चूक दुपारच्या तीन तासांत पुन्हा पुन्हा आठवते. पुस्तक उघडू नये. स्थिरांक आणि एककांचा एकपानी कागद चाळायला हरकत नाही, पण तो आत नेता येत नाही.

दुपारी सुरुवात थेट आकडेमोडीच्या प्रश्नांपासून करावी. विभागांचा क्रम बंधनकारक नसतो. थर्मोडायनॅमिक्स किंवा सर्किटची दोन-तीन सोपी गणिते झाली, की मन भौतिकशास्त्रात रुळते. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माउसनेच चालवावा लागतो आणि त्यावर डिग्री-रेडियनची निवड असते. ऑसिलेशनच्या प्रश्नात फेज रेडियनमध्ये असतो, तेव्हा ती निवड प्रत्येक वेळी पाहून घ्यावी. सरावातही खिशातला कॅल्क्युलेटर वापरू नये, कारण माउसने काम करायला लागणारा जादा वेळ आधी अंगवळणी पडलेला बरा. शेवटच्या अर्ध्या तासात नवे लांबलचक प्रश्न हाती घेण्यापेक्षा संख्यात्मक उत्तरांतील दशांश स्थळे तपासणे मला अधिक फायद्याचे वाटले.

काही दिवसांनी स्वतःची उत्तरे आणि तात्पुरती उत्तरतालिका पोर्टलवर येते. आक्षेप नोंदवण्याची मुदत थोडी आणि सशुल्क असते, म्हणून आधी मुख्य पेपर तपासावा. दोन्ही पेपरांचे गुणांकन आणि क्रमांक स्वतंत्र असतात, त्यामुळे एका पेपरातील घसरण दुसऱ्याच्या क्रमांकाला धक्का लावत नाही. प्रवेशाच्या वेळी पसंतिक्रम भरताना मी भौतिकशास्त्राचे अभ्यासक्रम वर आणि गणिताचे त्याखाली ठेवले होते. ज्या अभ्यासक्रमाला खरोखर जायचे नाही, तो यादीत घालू नये.