पत्रिकेत नेमका कुठला ग्रह बोलतो, हे कसं ओळखायचं

माझ्या भाच्याचा जन्म ठाण्यातलाच, ऑगस्ट २०१४ च्या मध्यातला, सकाळी साडेअकराच्या सुमारास, रास मेष. मेष म्हटल्यावर बारशालाच सगळ्यांनी ठरवून टाकलं की मंगळाची रास, पोरगं तापट निघणार, ताईला आत्तापासूनच जपून राहायला लागणार. आणि निघाला कसा, तर स्कूलबस अर्धा तास लेट झाली तरी गेटवर गप उभा, दप्तर जागच्या जागी, कुणी ओरडलं तर उलट बोलणार नाही पण चार दिवस मनात धरून ठेवणार, आणि संध्याकाळी खेळायला जायचं सोडून तलावपाळीवर आजोबांच्या मित्रांमध्ये जाऊन बसणार. ताई विचारायची, अगं मेष राशीचं पोर असं असतं का? तेव्हा मी त्याची पत्रिका नीट कागदावर मांडून बसले, आणि तिथून मला ही सवय लागली की रास बाजूला ठेवायची आणि आधी शोधायचं, या पत्रिकेत सगळ्यात जास्त बोलतोय कोण.

कारण रास म्हणजे फक्त चंद्र कुठल्या राशीत आहे तेवढंच. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, म्हणजे त्या सव्वादोन दिवसांत जन्मलेल्या सगळ्यांची रास एकच. लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, मात्र साधारण दर दोन तासांनी बदलतं, आणि माणूस खरा वेगळा होतो तो तिथे.

म्हणून पहिलं काम, जन्मवेळ पक्की करा. जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ शोधायची तर हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, बाळाच्या हाताला बांधलेला टॅग किंवा आजीच्या जुन्या डायरीतली नोंद बघा, आईची आठवण सगळ्यात शेवटी, कारण "दिवेलागणीची वेळ होती गं" यात दोन लग्नं सहज बसतात. लग्न साधारण ४ मिनिटांत एक अंश सरकतं. दुसरी चूक गावाची होते. आपल्यातल्या कितीतरी जणांचा जन्म आईच्या माहेरी झालेला असतो आणि ॲपमध्ये मात्र आपण ठाणे नाहीतर वाशी टाकून मोकळे होतो. ठाणे आणि वाशीत काही फरक पडत नाही, पण जन्म कोल्हापूरचा असेल तर स्थानिक वेळेत ५ मिनिटं आणि नागपूरचा असेल तर जवळपास २४ मिनिटं फरक पडतो, म्हणजे नागपूरच्या बाबतीत लग्न ५-६ अंश इकडचं तिकडे, आणि लग्न राशीच्या टोकाला असेल तर लग्नाची रासच बदलली म्हणून समजा. घरातल्या अगदी म्हाताऱ्या माणसांची पत्रिका करणार असाल तर अजून एक बघा, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धाच्या काळात घड्याळं एक तास पुढे केलेली होती, आणि मुंबईकडच्या जुन्या पत्रिकांत कधीकधी बॉम्बे टाइम लिहिलेला सापडतो, तो आपल्या आत्ताच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. हे न बघता काढलेली पत्रिका दुसऱ्याच कुणाची तरी होते. ॲपमध्ये अयनांश, म्हणजे राशी कुठून मोजायच्या तो फरक, लाहिरी पद्धतीचा ठेवा, आपल्याकडे बहुतेक सगळे तोच धरतात.

आता कोरा कागद घ्या, डाव्या बाजूला नऊ ग्रह एकाखाली एक लिहा आणि रेघा मारायला लागा. ही मोजणी माझी स्वतःची आहे, कुणी वेगळी करत असेल, पण तिचे नियम जुनेच आहेत. लग्नेशाला, म्हणजे लग्नाच्या राशीच्या स्वामी ग्रहाला, एक रेघ, लग्नात बसलेल्या ग्रहाला एक, चंद्र ज्या राशीत आहे तिच्या स्वामीला एक. लग्न, चंद्र आणि रवी ज्या नक्षत्रांत आहेत त्यांच्या स्वामींना एकेक. ग्रह केंद्रात म्हणजे लग्नापासून मोजून १, ४, ७, १० या स्थानांत असेल तर एक, स्वगृही म्हणजे स्वतःच्या राशीत किंवा उच्चीचा म्हणजे ज्या राशीत त्याचं बळ सगळ्यात जास्त मानतात तिथे असेल तर एक. मग दृष्टी, म्हणजे ग्रह स्वतःपासून मोजून कितव्या स्थानाकडे बघतो ते. सातवी दृष्टी सगळ्यांना असते, मंगळाला चौथी आणि आठवी जास्तीची, गुरूला पाचवी-नववी, शनीला तिसरी-दहावी. जो ग्रह लग्नावर, चंद्रावर किंवा लग्नेशावर दृष्टी टाकतो किंवा त्यांच्याबरोबर बसलाय त्याला प्रत्येकी एक रेघ. शेवटी दिग्बल, म्हणजे ठरावीक स्थानात मिळणारं बळ, बघा, गुरू-बुध लग्नात, चंद्र-शुक्र चौथ्यात, शनी सातव्यात, रवी-मंगळ दहाव्यात बळ धरतात. ॲपमध्ये षड्बलाचा, म्हणजे सहा प्रकारच्या बळांचा, तक्ता येतो तोही बघा, पण नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका. तो ग्रहाची ताकद सांगतो, तो ग्रह तुमच्या लग्नाला आणि चंद्राला किती चिकटलाय हे सांगत नाही, आणि स्वभाव बघायचा तर मला हे चिकटणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

भाच्याच्या पत्रिकेत काय झालं बघा. लग्न तूळ, लग्नात शनी आणि मंगळ. दहाव्यात कर्केला रवी, गुरू, शुक्र. चंद्र सातव्यात मेषेचा. घरातल्यांना आधी गुरू दिसला, उच्चीचा गुरू दहाव्यात म्हणजे हंस योग, पोरगं मोठं नाव काढणार वगैरे. मेष राशीचा स्वामी मंगळ लग्नातच आणि त्याची सातवी दृष्टी चंद्रावर, म्हणजे मंगळाच्याही रेघा काही कमी नाहीत. पण शनीच्या मोजा. तुळेत उच्चीचा, लग्नात, म्हणून केंद्रात, शश योग. तूळ लग्नाला शनी चौथ्या आणि पाचव्याचा स्वामी म्हणून योगकारक, म्हणजे त्या लग्नाला खास शुभ. सातव्या दृष्टीने चंद्रावर, दहाव्या दृष्टीने रवी, गुरू, शुक्र तिघांवर, आणि त्यात शुक्र म्हणजे लग्नेश. वर गुरू आणि शुक्र दोघंही पुष्य नक्षत्रात, पुष्याचा स्वामी परत शनी. दिग्बल तेवढं शनीला नाही, ते रवीला मिळालंय, आणि अंशांनीही रवी सगळ्यांच्या पुढे आहे, म्हणून पोराला मान दुखावलेला अजिबात चालत नाही. पण घर चालवतोय शनीच. गेटवर अर्धा तास गप उभा राहणारा तो शनी, आणि चार दिवस मनात धरून ठेवणारा मंगळ, ज्याला शनीने बोलू दिलेलं नाही. हे कळल्यावर ताईने त्याला "बोल की, काय झालं" म्हणून मागे लागणं बंद केलं, आता ती नुसती शेजारी बसते, दोन दिवसांनी तो आपणहून सांगतो.

इथे एक शंका येईल आणि यायलाच पाहिजे. शनी नोव्हेंबर २०११ पासून नोव्हेंबर २०१४ पर्यंत, मधले अडीच-तीन महिने सोडले तर, तुळेतच होता, म्हणजे त्याच्या अख्ख्या वर्गाचा शनी उच्चीचा, मग सगळी पोरं अशी का नाहीत? कारण शनी हळू चालतो, त्याची रास सगळ्या पिढीची असते. तो केंद्रात यायला लग्न मेष, कर्क, तूळ नाहीतर मकर लागतं, आणि शिवाय तो चंद्राला, लग्नेशाला जाऊन भिडला पाहिजे. "उच्चीचा आहे" एवढ्यावर कुणाचा स्वभाव सांगू नका, गुरू आणि शनीच्या बाबतीत तर नाहीच नाही. तसंच बुधादित्य योग आहे म्हणून हुरळून जाऊ नका, बुध रवीपासून २८ अंशांपेक्षा लांब जातच नाही, त्यामुळे कितीतरी लोकांच्या पत्रिकेत ते दोघं एकत्र असतात.

आता कुठला ग्रह पुढे असला की माणूस कसा असतो ते. रवीवाला माणूस स्वतःहून जबाबदारी घेतो पण चारचौघांत चूक दाखवलेली त्याला सहन होत नाही, काय सांगायचं ते एकट्यात सांगा. चंद्रवाला समोरच्याचा मूड अंगावर घेतो, याच्या घरी गेलं की आधी "जेवलीस का" विचारणार, पण याला स्वतःची झोप आणि जेवण वेळेवर नसेल तर सगळाच दिवस बिघडतो. मंगळ म्हटलं की लोक घाबरतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. १, ४, ७, ८, १२ यातला मंगळ धरला तर बारापैकी पाच स्थानं झाली, एवढ्या माणसांना वाईट ठरवायचं का? मंगळवाल्याला रिकामं बसवलं की तो भांडतो आणि काम दिलं की अंग मोडून करतो. सोसायटीत पाण्याची मोटर बंद पडली की रात्री अकराला टॉर्च घेऊन खाली उतरणारा माणूस बघा, बहुतेक मंगळवालाच असतो. बुधवाला बोलण्यात जगतो, ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात ऐरोली यायच्या आत ज्याची तीन जणांशी ओळख होते तो हा, पण याचं मन एका जागी थांबत नाही आणि निर्णय शेवटपर्यंत लटकत राहतो. गुरूवाला सल्ला देतो, मागितला नाही तरी देतो, आणि बहुतेक वेळा मनापासून देतो. शुक्रवाल्याला भांडण नको असतं, म्हणून नको तिथे हो म्हणतो आणि नंतर कुढतो.

शनीबद्दल थोडं जास्त सांगते कारण त्याला लोक नुसतं साडेसातीपुरतं ओळखतात. शनी पुढे असलेली मुलं लहानपणी मोठी वाटतात आणि पन्नाशीनंतर हलकी होतात. यांना कौतुक पटकन पटत नाही, केलेल्या कामाची नोंद घेतलेली मात्र पटते. घाई केली की दगड होतात. राहू-केतूंना स्वतःची रास नाही म्हणून त्यांच्या रेघा जपून मारा, पण राहू लग्नात किंवा चंद्राजवळ असेल तर माणसाला आपण इथले नाहीच असं वाटत राहतं आणि त्यापायी तो खूप लांबची मजल मारतो. केतू असेल तर मधेच हात काढून घेतो, अगदी चांगलं चाललेलं असतानाही.

दोन ग्रहांच्या रेघा सारख्या आल्या तर महादशा, म्हणजे आयुष्यातला कुठला काळ कुठल्या ग्रहाचा ते, बघा. गुरूची १६ वर्षं, शनीची १९, बुधाची १७, शुक्राची २०, ज्याची दशा चालू आहे तो त्या काळात वरचढ ठरतो, म्हणूनच "हा आधी असा नव्हता" असं आपण म्हणतो. आणि रवीच्या अगदी जवळ जाऊन अस्तंगत झालेला ग्रह, म्हणजे बुध १४ अंशांच्या आत, गुरू ११ च्या, शुक्र १० च्या, याची एक रेघ कमी करा, तो आतून असतो पण बाहेर दिसायला वेळ लागतो. शुक्र अस्तंगत असलेल्या बायका मी बघितल्यात ज्यांना सुंदर वस्तूंची फार हौस असते पण स्वतःसाठी साडी घ्यायला मात्र दुकानाची पायरी चढत नाहीत.

पहिली पत्रिका स्वतःची घेऊ नका, आपल्याला हवा तो ग्रह आपण पुढे आणतो. ज्या माणसाला वीस-तीस वर्षं जवळून बघितलंय त्याची घ्या. आधी रेघा मारा, मग त्या माणसाचे तीन खरे प्रसंग आठवून लिहा, नोकरी सोडली तेव्हा काय केलं, घरात कुणी आजारी पडलं तेव्हा कसा वागला, पैसे आले तेव्हा काय केलं, आणि मग ताडून बघा. जुळलं नाही तर स्वभाव ओढूनताणून जुळवू नका, जन्मवेळ परत तपासा. लग्न जमवायचं का, ऑपरेशन करायचं का, हे या कागदावर ठरवू नका, तो त्यासाठी नाहीच. मी पहिला कागद आईचा केला होता. मला वाटायचं चंद्रच येणार, सगळ्यात जास्त रेघा बुधाच्या आल्या, आणि मग आठवलं की आमच्या नौपाड्यातल्या चाळीत अख्ख्या मजल्याची पत्रं तीच लिहून द्यायची.