कुत्र्याचे कान घरी साफ करताय? या चुका टाळा

कुत्रा कान खाजवायला लागला, की घरात सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी खोबरेल तेल कोमट करायला ठेवतं, कुणी इअर बडची डबी आणतं, कुणी गेल्या वर्षीची ड्रॉप्सची बाटली फ्रिजच्या दारातून शोधून काढतं. तिन्ही गोष्टी मायेपोटीच होतात, आणि तिन्हींमुळे कान बिघडू शकतो. घरी कान साफ करणं मुळीच अवघड नाही. फक्त बाटली उघडण्याआधी एक ठरवायला हवं: कान मळलेला आहे की आजारी? मळ घरी काढता येतो, आजार पुसून जात नाही. खालच्या बऱ्याचशा चुका हा फरक न केल्यामुळेच होतात.

चांगला कान उगाच धुणं

निरोगी कान आपली सफाई आपणच करतो. कानाच्या नळीतली कातडी आतून बाहेरच्या बाजूला हळूहळू सरकत असते आणि मळालाही सोबत घेऊन येते. आत फिकट गुलाबी रंग, थोडासा पिवळट मळ आणि वास जवळपास नाही, असा कान असेल तर त्याला हात लावू नका. उभ्या कानांच्या आपल्या गावठी कुत्र्यांपैकी कित्येकांना जन्मभर क्लीनर लागत नाही. ‘रविवार आहे, कान साफ करू’ असं म्हणत दर आठवड्याला द्रावण ओतलं, की आतली कातडी सतत ओलसर राहते, मऊ पडते आणि जंतूंचं फावतं.

आठवड्यातून एकदा कान नुसता बघावा आणि हुंगावा. हो, हुंगावा, पुष्कळदा डोळ्याला काही दिसायच्या आधी नाकाला कळतं. आंबूस वास आणि तपकिरी, चिकट मळ बहुतेक वेळा यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा असतो. कुजका वास आणि हिरवट-पिवळा पू म्हणजे जिवाणूंचा संसर्ग, आणि तो घरी हाताळायचा विषय नव्हे. पिल्लाच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, कोरडा भुगा दिसला तर कानातल्या माइट्सचा, म्हणजे अगदी बारीक किड्यांचा संशय घ्या. हे माइट्स घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला आणि मांजरालाही लागतात, त्यामुळे उपचार सगळ्यांचे करावे लागतात.

लॅब्रॉडॉर, कॉकर स्पॅनियल, बीगल, गोल्डन रिट्रीव्हर अशा लोंबत्या कानांच्या जातींकडे मात्र जास्त लक्ष हवं. झाकलेल्या कानात हवा खेळत नाही आणि ओल टिकून राहते. त्यांना किती दिवसांनी क्लीनर लावायचा, हे त्या कुत्र्याचा कान पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. शेजाऱ्यांच्या लॅबचं वेळापत्रक तुमच्या लॅबला चालेलच असं नाही.

इअर बड आत घालणं

माणसाच्या कानाची नळी साधारण आडवी आत जाते. कुत्र्याची नळी आधी उभी खाली उतरते, मग वळून आत जाते, आणि पडदा असतो त्या वळणाच्या पलीकडे. त्यामुळे बड घातला की थोडा मळ त्याला चिकटून बाहेर येतो, आपल्याला बरं वाटतं, आणि उरलेला मळ वळणावर ठासून बसतो. त्यात कुत्र्याने ऐन वेळी मान झटकली तर आत खरचटतं, पडद्यालाही इजा होऊ शकते. बड वापरायचाच असेल तर बाहेरच्या पाळीच्या घड्यांपुरता. आतल्या बाजूला बोटाभोवती गुंडाळलेला गॉज किंवा कापसाचा मोठा बोळा पुरतो, आणि बोट सहज जाईल तिथेच थांबायचं. टिश्यू पेपर नको, त्याचे तुकडे सुटून आत राहतात. सुगंधी वेट वाइप्सही नकोत.

स्वयंपाकघरातली आणि गोठ्यातली औषधं

तेलाबद्दल बोललं की लोक रागावतात, कारण आपल्याकडे कानात तेल घालणं ही मायेची खूण आहे. पण कुत्र्याच्या कानात गेलेलं तेल सहजी बाहेर येत नाही. ते वळणाशी साचतं, त्यावर धूळ बसते, आणि यीस्टला तर तेलकट मळ हवाच असतो. तेलात कापूर किंवा लसूण घातली असेल तर प्रकरण आणखी वाईट. दोन्ही कुत्र्यांना घातक आहेत, आणि एकाच्या कानातून ओघळलेलं तेल दुसरा चाटतोच. हळदीची पूड आत गोळा होऊन बसते आणि डॉक्टरांना आतलं काही दिसू देत नाही. टी ट्री ऑइल ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जातं, पण कुत्र्यांसाठी ते विषारी आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं, म्हणून काम करतंय असा भास होतो. सोललेल्या कातडीला मात्र ते झोंबतं, आणि मागे ओल राहते ती वेगळीच. स्पिरिट आणि व्हिनेगरचंही तसंच. एकदा कान असा भाजला, की तो कुत्रा पुढे महिनोन्‌महिने कानाला हात लावू देत नाही.

गावाकडे वेगळा धोका असतो. गुरांच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाईन टाकायची पद्धत अजून आहे, तेच टर्पेंटाईन कुत्र्याच्या कानात जातं. गुरांच्या अंगावर फवारायचं गोचीडनाशक, गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाचं इंजेक्शन अंदाजाने देणं, हे सगळं जिवावर बेतू शकतं. कोलीसारख्या काही जातींना तर आयव्हरमेक्टिन थोडं जास्त झालं तरी बाधतं. कानाच्या जखमेत अळ्या दिसल्या तर काहीही न ओतता त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

क्लीनर बरोबर, पद्धत चुकीची

चांगला क्लीनर आणूनही ‘फरक पडत नाही’ अशी तक्रार असेल, तर बहुतेकदा दोन थेंब टाकून लगेच पुसलेलं असतं. दोन थेंब वळणापर्यंत पोचतच नाहीत.

क्लीनर कुत्र्यांसाठी बनवलेला हवा. बाटली आधी काही मिनिटं मुठीत धरून ठेवा. गार द्रावण कानात गेलं की कुत्रा दचकतो. पाळी वर उचलून धरा आणि नळी भरेल इतकं द्रावण सोडा. बाटलीचं टोक कानाला टेकवू नका, नाहीतर एका कानातले जंतू दुसऱ्या कानात जातात. मग कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे जी नळी हाताला लागते, ती अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळा. आत पचपच आवाज आला म्हणजे द्रावण खालपर्यंत गेलं. आता हात सोडा आणि त्याला मान झटकू द्या. इथे पुष्कळ जण भिंतीवर शिंतोडे उडतील म्हणून डोकं धरून ठेवतात, पण तळाचा मळ वर आणण्याचं खरं काम त्या झटक्यानेच होतं. बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये करा, म्हणजे भिंतीही वाचतील. शेवटी वर आलेलं तेवढं टिपून घ्या. औषधाचे ड्रॉप्स दिले असतील तर सफाईनंतर दहा-पंधरा मिनिटांनी घाला, नाहीतर ते द्रावणात पातळ होतात.

जुने ड्रॉप्स

मागच्या वेळी यीस्ट होतं म्हणून याही वेळी तेच असेल असं नाही. त्याहून मोठी अडचण पडद्याची. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिनसारखी औषधं आतल्या कानात उतरली, तर ऐकू येणं जाऊ शकतं, तोल बिघडू शकतो. पडदा शाबूत आहे का, हे डॉक्टर उपकरणाने आत पाहूनच सांगू शकतात. माणसांचे ड्रॉप्सही याच कारणाने नकोत. आणि दोन दिवसांत खाज थांबली म्हणून औषध मधेच सोडू नका. जंतू पुरते मेलेले नसतात आणि पुढच्या वेळी तेच औषध कमी पडतं.

पाणी, केस, गोचीड

आंघोळ घालताना पाइप थेट डोक्यावर धरू नका. डोकं ओल्या फडक्याने पुसलं तरी भागतं. पावसात भिजून आलेल्या किंवा तळ्यात पोहलेल्या कुत्र्याचे कान कोरड्या पंचाने बोट जाईल तिथवर टिपून घ्या.

शिह त्झू, पूडल यांच्या कानात केस वाढतात. कान बरा असेल तर ते उपटायची काही गरज नाही. उपटल्याने सूज येते. पार्लरमध्ये ‘कान साफ’ म्हणजे नक्की काय करतात, हे आधी विचारून घ्या.

गोचीड कानाच्या घड्यांमध्ये हमखास लपतात. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, पेटती काडी, चिरडणं, काहीच नको. एर्लिकिया आणि बॅबेसियासारखे आजार गोचीडच पसरवतात, त्यामुळे नंतर ताप आला किंवा खाणं तुटलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

तोच कान पुन्हा पुन्हा

कान साफ केला, औषध झालं, बरा झाला, आणि दीड-दोन महिन्यांत परत तेच. अशा वेळी लोक क्लीनरची कंपनी बदलतात. खरं तर वारंवार बिघडणाऱ्या कानामागे बहुतेकदा ॲलर्जी असते, कधी वातावरणातल्या गोष्टींची, कधी खाण्याची. तो पंजे चाटतो का, पोटाला आणि काखेत लाली येते का, ठरावीक ऋतूतच त्रास वाढतो का, हे पाहा. उत्तर ‘हो’ असेल तर कान हे फक्त दिसणारं टोक आहे. उपचार कातडीचा आणि आहाराचा करावा लागेल. वयस्कर कुत्र्यात थायरॉइड कमी पडणं हेही कारण असू शकतं. एकाच कानात, अचानक, खेळून आल्यावर त्रास सुरू झाला तर मात्र आत गवताचं कुसळ किंवा किडा गेला आहे का, हे आधी तपासून घ्या.

थांबायचं कधी

हात लावताच कुत्रा कळवळला, कानातून रक्त किंवा पू आला, मान एका बाजूला कलली, डोळे थरथरू लागले, चालताना तोल गेला, तर सफाई तिथेच थांबवा. कानाची पाळी फुग्यासारखी गरम आणि गुबगुबीत झाली असेल, तर सतत मान झटकून आतली रक्तवाहिनी फुटून रक्त साचलेलं असतं. ते सुईने घरी काढायच्या भानगडीत पडू नका. खाजेचं मूळ गेलं नाही तर ते पुन्हा भरतं.

दवाखान्यात जायच्या दिवशी कान चकचकीत करून नेऊ नका. डॉक्टर त्याच मळाचा नमुना काचपट्टीवर घेऊन यीस्ट, जिवाणू की माइट्स हे बघतात. पुसलेल्या कानातून त्यांना काहीच हाती लागत नाही. घरी आधी काही घातलं असेल, तेल असो की ड्रॉप्स, तर लाजू नका. ती बाटलीच सोबत घेऊन जा.